क्रूझने मालागात उतरणाऱ्यांसाठी: बंदरावरच्या एका दिवसाचे नियोजन

स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरील मालागा हे पश्चिम भूमध्य समुद्रातील क्रूझच्या मार्गावरचे नेहमीचे बंदर आहे. जहाज बहुधा सकाळी लागते आणि संध्याकाळी सुटते, त्यामुळे प्रवाशाच्या हाती आठ-नऊ तास येतात. जहाजावर मिळणाऱ्या सहलींच्या पत्रकातले बरेचसे पर्याय मात्र प्रवाशाला मालागातून बाहेर, ग्रानादाला किंवा रोंदाला घेऊन जाणारे असतात. हातात एकच दिवस असेल तर मालागातच राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या शहरात रोमन नाट्यगृह, मूरांचा, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिमांचा, किल्ला, कॅथेड्रल, पिकासोचे संग्रहालय आणि समुद्रकिनारा हे सारे पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे, तिथे उतरून दिवसाचे तीन-चार तास बसच्या खिडकीशी घालवणे परवडत नाही. पुढील माहिती हे गृहीत धरूनच दिलेली आहे.

कागदपत्रांचा विचार तिकीट काढण्याआधीच करावा. भारतीय पासपोर्टधारकांना स्पेनसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील अनेक देशांचा सामाईक व्हिसा, लागतो आणि मुंबईत त्याचे अर्ज बीएलएस इंटरनॅशनल या संस्थेच्या केंद्रातून स्वीकारले जातात. क्रूझच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा मुद्दा व्हिसावर किती वेळा प्रवेशाची परवानगी आहे, हा असतो. बार्सिलोनाहून निघालेले जहाज मध्ये मोरोक्कोतील टँजियर किंवा कासाब्लांका येथे थांबून मालागाला आले, तर तुम्ही शेंगेन क्षेत्राच्या बाहेर जाऊन पुन्हा आत येता. अशा वेळी एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही, म्हणून अर्जासोबत जहाजाचे संपूर्ण वेळापत्रक जोडून अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा. मोरोक्कोसाठीची प्रवेशपरवानगी वेगळी असते, तीही तपासून घ्यावी. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांच्या सीमांवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेणारी नवी नोंदणीपद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली असल्यामुळे पहिल्या प्रवेशाच्या वेळी रांगेसाठी थोडा जास्त वेळ हाताशी ठेवणे बरे. काही जहाजांवर प्रवाशांचे पासपोर्ट कार्यालयात जमा करून घेतात. तसे असेल तर उतरताना त्याची छापील प्रत आणि जहाजाचे ओळखपत्र जवळ असू द्यावे.

मालागाच्या बंदरात मोठी जहाजे पूर्वेकडील लांबलचक धक्क्यावर, म्हणजे लेव्हान्ते टर्मिनलवर लागतात. लहान जहाजांना कधीकधी पाल्मेरालच्या धक्क्यावर जागा मिळते आणि तसे झाले तर तुम्ही जवळजवळ शहराच्या दारातच उतरता. लेव्हान्तेहून दीपगृहापर्यंत आणि तिथून मुएये ऊनो या दुकाने-उपाहारगृहांच्या धक्क्यावरून जुन्या शहरापर्यंत सपाट रस्ता आहे. धडधाकट माणसाला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. सकाळी हे चालणे आनंदाचे असते, परंतु वाटेत बराच भाग उघडा असल्याने जुलै-ऑगस्टच्या दुपारी परतताना तोच रस्ता जिवावर येतो. जहाजे आलेल्या दिवशी टर्मिनल आणि शहरालगतच्या प्लाझा दे ला मारिना या चौकादरम्यान बहुधा सशुल्क शटल बस धावते. टर्मिनलबाहेर मिळणाऱ्या टॅक्सी पांढऱ्या असून त्यांवर निळा तिरपा पट्टा असतो आणि त्या मीटरवर चालतात. बरोबर वयस्कर आई-वडील असतील तर जाताना चालण्याचा आग्रह धरू नये. त्यांची शक्ती पुढे किल्ल्यासाठी राखून ठेवावी.

या किनाऱ्याला ‘कोस्ता देल सोल’ म्हणजे सूर्याचा किनारा म्हणतात आणि हे नाव जाहिरातीपुरते नाही. उन्हाळ्यात ढग दिसणेच दुर्मीळ असते. ऑगस्टमध्ये कमाल तापमान सरासरी तिशीच्या घरात असते, आपल्या विदर्भाच्या मानाने हे काहीच नाही, असे वाटून कोणी टोपी जहाजावर ठेवण्याची शक्यता असते. तसे करू नये. एक तर संगमरवरी फरशीवरून आणि समुद्रावरून परावर्तित होणारे ऊन फार डोळ्यांवर येते. दुसरे म्हणजे ‘तेराल’ नावाचा वारा. एरवी समुद्रावरून येणारी दमट झुळूक थांबून वारा उत्तरेकडच्या डोंगरांवरून खाली उतरू लागला की तो उतरता उतरता तापतो, कोरडा होतो आणि शहराचे तापमान काही तासांत चाळिशीकडे जाते. असा दिवस वाट्याला आला तर किल्ला सकाळी उरकून दुपार संग्रहालयाच्या वातानुकूलित दालनांत काढावी. हिवाळ्यात दिवसा सतरा अंशांच्या आसपास तापमान असते, ऊन हवेहवेसे वाटते आणि सावलीत मात्र जाकीट लागते. हवेच्या दृष्टीने विचारले तर एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हे महिने सर्वांत सुखाचे. पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या सप्ताहात, मिरवणुकांसाठी मध्यवर्ती रस्ते बंद होतात आणि ऑगस्टच्या मध्याला शहराची मोठी जत्रा असते. या दोन्ही काळांत टॅक्सीच्या भरवशावर परतीची वेळ आखू नये.

सकाळी सर्वांत आधी अल्कासाबा पाहावा. अकराव्या शतकातला हा मुस्लिम राज्यकर्त्यांचा गडमहाल टेकडीच्या उतारावर दुहेरी तटबंदीत बसवलेला आहे, आणि त्याच्या पायथ्याशीच रोमन नाट्यगृह आहे, जे शतकानुशतके मातीखाली राहून १९५१ साली बांधकामाच्या खोदाईत उघडकीस आले. किल्ला बांधणाऱ्यांनी या नाट्यगृहाचे खांब उचलून आपल्या कमानींना लावले, ते आजही दारांपाशी दिसतात. आत शिरल्यावर वाट सरळ जात नाही. शत्रूची गती तुटावी म्हणून दरवाजे काटकोनात वळवलेले आहेत. आपल्याकडच्या गडांच्या गोमुखी दरवाजांची रचना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यामागचा विचार समजावून सांगावा लागणार नाही. वर पोहोचल्यावर पाण्याचे पाट, नारिंगाची झाडे आणि सावलीचे छोटे चौक लागतात, आणि घाई न करता पाहिले तर येथे दीड तास सहज जातो. फरसबंदी झिजून गुळगुळीत झालेली असल्यामुळे चपला किंवा गुळगुळीत तळाचे बूट घालू नयेत. ज्यांना चढ झेपत नाही त्यांच्यासाठी महापालिकेच्या इमारतीमागील गियेन सोतेलो रस्त्यावरून उद्वाहक आहे. तो चालू आहे ना, एवढे मात्र आधी विचारून घ्यावे. रविवारी दुपारी दोननंतर किल्ल्यात प्रवेश विनामूल्य असतो.

वरच्या टेकडीवरचा चौदाव्या शतकातला हिब्रालफारो किल्ला अल्कासाबाशी तटबंदीने जोडलेला दिसतो. नकाशा पाहून अनेकांची समजूत होते की आतूनच वर जाता येईल. तशी वाट पर्यटकांना खुली नाही. खाली उतरून बाहेरच्या चढाने पुन्हा वर जावे लागते, आणि हा चढ चांगलाच दमवतो. याला सोपा उपाय म्हणजे पासेओ देल पार्के या झाडीच्या हमरस्त्यावरून ३५ क्रमांकाची शहर बस घेऊन आधी हिब्रालफारोला जाणे, वरून बंदर, माणूस-बैल झुंजींचे गोल मैदान आणि आपले स्वतःचे जहाज पाहणे, आणि मग पायी उतरत अल्कासाबाशी येणे. दोन्ही किल्ल्यांचे एकत्रित तिकीट मिळते. वेळ कमी असेल तर हिब्रालफारो सोडावा, अल्कासाबा सोडू नये.

कॅथेड्रलचे बांधकाम १५२८ मध्ये सुरू होऊन १७८२ मध्ये पैशाअभावी थांबले आणि दक्षिणेकडचा मनोरा अर्धवटच राहिला. त्यामुळे गावकरी तिला लाडाने ‘ला मांकिता’, एका हाताची बाई, म्हणतात. रविवारी सकाळी प्रार्थना असल्याने पर्यटकांना आत सोडत नाहीत, आणि एरवीही खांदे झाकलेले असावेत. पाब्लो पिकासोचा जन्म २५ ऑक्टोबर १८८१ रोजी याच शहरातील प्लाझा दे ला मेर्सेदमधल्या घरात झाला. ते घर पाहता येते, पण चित्रे पाहायची असतील तर २००३ साली बुएनाविस्ता वाड्यात सुरू झालेले संग्रहालय गाठावे आणि त्याचे तिकीट वेळेसह ऑनलाइन काढून ठेवावे. धक्क्यावरच्या रंगीत काचेच्या घनाखाली असलेले पॉम्पिदू केंद्र हे आधुनिक कलेचे संग्रहालय मंगळवारी बंद असते, तर कार्मेन थिसेन संग्रहालय सोमवारी. एका दिवसात एकाहून अधिक संग्रहालये करण्यात अर्थ नाही.

खाण्याच्या बाबतीत घड्याळ आपल्यासारखे नसते, हे आधी मनाशी धरावे. दुपारचे जेवण दीड-दोनच्या पुढे सुरू होते आणि रात्रीचे साडेआठ-नऊनंतर, म्हणजे बहुतेक क्रूझ प्रवाशांना मालागातले एकच जेवण मिळते. त्याआधी अकराच्या सुमारास आतारासानास बाजारात जावे. मूरांच्या काळातील जहाजबांधणीच्या आवाराची चौदाव्या शतकातली संगमरवरी कमान एकोणिसाव्या शतकातल्या लोखंडी मंडईला प्रवेशद्वार म्हणून लावलेली आहे. आत मासे, ऑलिव्ह, बदाम, अंजिरे यांचे गाळे आणि कडेला उभ्याने खाण्याची ठिकाणे आहेत. बाजार दुपारी आटोपतो आणि रविवारी उघडत नाही.

मासे खाणाऱ्यांनी ‘एस्पेतो’ चुकवू नये. ताज्या सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीच्या जातभाई, वेताच्या काठीत ओवतात. मग वाळूने भरलेल्या जुन्या होडीत लाकडाचा विस्तव करून त्या शेजारी तिरप्या रोवून भाजतात. मसाला म्हणून फक्त जाडे मीठ. त्यासाठी शहराच्या मध्यात न बसता ११ क्रमांकाच्या बसने पूर्वेकडच्या पेद्रेगालेहो किंवा एल पालो या जुन्या कोळीवाड्यांत जावे. मे ते ऑगस्टमध्ये हे मासे अंगाने भरलेले असतात, असे तिथले लोक सांगतात.

शाकाहारी मंडळींची गैरसोय होईलच असे नाही, पण विचारल्याशिवाय काहीही मागवू नये, कारण डुकराच्या मांसाचे ‘हामोन’चे बारीक तुकडे भाजीतही टाकले जातात. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’ एवढे वाक्य पाठ करावे: मांस नको, हामोन नको, मासे नकोत. नुसते ‘वेहेतारियानो’ (शाकाहारी) म्हटले तर टुना मासा घातलेले सॅलड येऊ शकते. निर्धोक पदार्थांत पहिला क्रमांक वांग्याच्या तळलेल्या कापांचा, ज्यांवर ‘मिएल दे कान्या’ ओततात. यातले ‘मिएल’ मधमाश्यांचे नसून उसाचे असते, म्हणजे चक्क आपली काकवी. शेजारच्या फ्रिहिलियाना गावात ती आजही तयार होते आणि छोटी बाटली घरी आणण्याजोगी आहे. दुसरा पदार्थ ‘आहोब्लांको’: बदाम, लसूण, पाव, ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर वाटून केलेले थंडगार पांढरे सार, वर द्राक्षे घातलेले. उन्हातून आल्यावर याच्या एका वाटीने जीव थंडावतो. बटाट्याचे ऑम्लेट सर्वत्र मिळते, अर्थात अंडे चालत असेल तर. पिण्यासाठी नळाचे पाणी सुरक्षित आहे, चवीला थोडे जड लागते इतकेच.

दुपार उरली तर मालागेता किनारा बंदराला लागूनच आहे. वाळू करडी आहे आणि समुद्र वसंतात चांगलाच गार असतो. पोहायचे नसेल तर लारिओस या पादचाऱ्यांच्या मुख्य रस्त्यावर आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत फिरावे. लहान दुकाने दोन ते पाचच्या दरम्यान बंद असतात.

ग्रानादाचा अल्हांब्रा हा मूरांचा प्रसिद्ध गडमहाल पाहिल्याशिवाय ज्यांना चैनच पडणार नाही, त्यांनी जहाजाचीच सहल घ्यावी. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे आणि एका बाजूचा रस्ता दीड तासाचा. जहाजाने आयोजित केलेली बस उशिरा आली तर जहाज थांबते, स्वतःच्या हिकमतीवर गेलेल्यांसाठी ते थांबत नाही. अल्हांब्राची तिकिटे नावानिशी मिळतात, त्यातल्या नसरीद राजघराण्याच्या महालांच्या प्रवेशाची वेळ ठरलेली असते आणि दारावर मूळ पासपोर्ट पाहतात, म्हणून जहाजावर जमा केलेला पासपोर्ट आदल्या दिवशीच परत मागून घ्यावा.

क्रूझ मालागातच सुरू होत असेल तर एक दिवस आधी पोहोचावे. मुंबईहून थेट विमान नाही, आखाती किंवा युरोपीय विमानतळावर बदलावे लागते, आणि सामान मागे राहण्याची शक्यता धरून चालावी. विमानतळावरून सी-१ ही उपनगरी गाडी सुमारे वीस मिनिटांच्या अंतराने सुटते आणि बारा-पंधरा मिनिटांत शहरात आणते. माद्रिदहून वेगवान रेल्वेने अडीच-तीन तासांत मारिया सांब्रानो स्थानकावर येता येते, तिथून टर्मिनलपर्यंत बॅगांसह टॅक्सीच सोयीची. भारतीय दोन पिनांचे गोल प्लग चालतात, तीन पिनांचे चालत नाहीत.

पाकीट पुढच्या खिशात आणि पर्स समोर असावी, गर्दीत खिसेकापू असतात. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे. जहाज बंदर सोडून खोल समुद्रात गेले की फोन जहाजाच्या महागड्या नेटवर्कला आपोआप जोडला जातो, तेव्हा तो आधीच विमान मोडवर टाकावा. आणि मनगटातले घड्याळ फोनवर नव्हे, जहाजाच्या वेळेवर लावावे, विशेषतः जहाज मोरोक्कोहून आले असेल तर, कारण दोन्ही देशांच्या वेळेत फरक असू शकतो. परतीची जी वेळ जहाजाच्या पत्रकात छापलेली असते ती जहाज सुटण्याची नसून सर्वांनी चढलेले असण्याची असते. प्लाझा दे ला मारिनापासून तिच्या एक तास आधी निघावे. शटलसाठी शेवटच्या अर्ध्या तासात सर्वांत लांब रांग लागते.