स्टार स्कोअररलाच पॉइंट गार्ड करताय? या चुका टाळा

बेळगाव शहर सोडलं तर आपल्या सीमाभागात बास्केटबॉलची कोर्टं मोजकीच. खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडच्या शाळा-कॉलेजांत हा खेळ बहुतेक वेळा एखाद्या जिद्दी पीटी सरांच्या किंवा मॅडमच्या जिवावर टिकून असतो. यादीत बारा नावं असतात, पण खरा तयार खेळाडू एखादाच. मग कुणी न बोलताच ठरून जातं की बॉल त्याच्याकडे द्यायचा. तोच बॉल पुढे आणतो, तोच बास्केट करतो, रिबाउंडलाही तोच उडी घेतो. पहिल्या हाफमध्ये संघ आघाडीवर असतो. चौथ्या क्वार्टरला त्याचे पाय जड होतात, शॉट रिमच्या पुढच्या कडेला आपटायला लागतात आणि बाकीचे चौघे त्याच्याकडे बघत उभे राहतात. हातात आलेला सामना निसटतो.

तालुका आणि जिल्हा पातळीवर हे इतक्या वेळा दिसतं की जीव तुटतो, कारण मुलं मेहनती असतात आणि चूक त्यांची नसते. माझं मत आधीच सांगतो. हायस्कूल आणि पीयूसीच्या वयात स्टार स्कोअररला कायमचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ मांडणारा खेळाडू, करू नये. बॉल त्याच्या हाती जरूर यावा, पण मध्यरेषा ओलांडून झाल्यावर.

चूक: गुणांच्या आकड्यावरून जागा ठरवणं

गुण होतात बास्केटपासून सहा-सात मीटरच्या आत. पॉइंट गार्डचं काम मात्र त्याच्या कितीतरी आधी, २८ मीटरच्या कोर्टच्या दुसऱ्या टोकाला सुरू होतं. अंगावर माणूस असताना ८ सेकंदांत बॉल मध्यरेषेपलीकडे न्यायचा, कुठला सेट (ठरवलेली चाल) खेळायचा ते सांगायचं, शूटर मोकळा झाला त्याच क्षणी बॉल त्याच्या हातात पोचवायचा आणि शॉट उडाला की सगळ्यांत आधी मागे पळायचं. यातलं काहीच स्कोअरबोर्डवर दिसत नाही. त्यामुळे स्कोअरबोर्ड बघून पॉइंट गार्ड निवडता येत नाही.

निवडायचा कसा, तर सरावात एक साधी परीक्षा घ्या. मुलाला एका टोकाच्या बेसलाइनवर बॉल देऊन उभा करा, समोर दोन बचाव करणारे ठेवा, आणि ८ सेकंदांत मध्यरेषा पार करायला सांगा. प्रत्येकाला दहा वेळा. वेग बघू नका. मान वर आहे की नजर बॉलवर आहे, ते बघा. डाव्या हातावर ढकलल्यावर काय करतो, ते बघा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे दोघं अंगावर आल्यावर घाबरून ड्रिबल थांबवतो का. ड्रिबल थांबवून बॉल छातीशी धरला की तो अडकलाच, कारण पुन्हा ड्रिबल करता येत नाही आणि अगदी जवळ बचावपटू उभा असेल तर ५ सेकंदांत बॉल सोडावाच लागतो.

या परीक्षेत स्टार स्कोअरर पहिला येईलच असं नाही. बरेचदा एखादा गप्प, चार-सहा गुणांवर समाधानी असलेला मुलगा सरळ मान वर ठेवून बॉल पलीकडे नेतो. बेळगावात फुटबॉल खेळणारी पोरं भरपूर आहेत. त्यांना पास देण्याआधी मैदान बघायची सवय असते. पॉइंट गार्ड शोधताना आधी त्यांच्याकडे बघा.

चूक: हार्डनच्या क्लिपा बघून संघ लावणं

हल्ली प्रत्येक मुलाच्या मोबाइलवर एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग आहे, आणि ते चांगलंच आहे. पण क्लिपमध्ये बास्केट दिसतं, त्यामागची मांडणी दिसत नाही. स्कोअररला पॉइंट गार्ड करण्याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण जेम्स हार्डनचं. २०१६-१७ च्या मोसमात ह्यूस्टन रॉकेट्सचे कोच माइक डँटोनी यांनी या शूटिंग गार्डच्या (मुख्यतः गुण करणाऱ्या गार्डच्या) हाती सगळा खेळ दिला. सामन्यामागे २९.१ गुण आणि ११.२ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होतं असे पास), असिस्टमध्ये तो लीगमध्ये पहिला. आदल्या मोसमात ४१ सामने जिंकलेल्या संघानं त्या वर्षी ५५ जिंकले.

इथपर्यंत मुलांना पाठ असतं. पुढचं सांगायला हवं. त्याच मोसमात हार्डननं ४६४ वेळा बॉल गमावला, आणि एका मोसमातल्या टर्नओव्हरचा तो एनबीएमधला उच्चांक ठरला. हे परवडलं, कारण संघानं त्या मोसमाआधीच्या उन्हाळ्यात एरिक गॉर्डन आणि रायन अँडरसन हे लांबून मारणारे दोन शूटर आणले होते. हार्डनवर दोघं धावले की मोकळ्या शूटरला पास जायचा आणि तीन गुण व्हायचे. शिवाय समोरच्या संघाच्या पॉइंट गार्डला अडवायचं दमवणारं काम पॅट्रिक बेव्हर्लीकडे होतं. एवढं सगळं असूनही प्लेऑफमध्ये सॅन अँटोनियोविरुद्धच्या सहाव्या सामन्यात हार्डन १० गुणांवर अडकला आणि संघ ११४-७५ असा हरला.

आता आपल्या संघाकडे बघा. तुमच्या मुलावर दोघं धावले तर मोकळ्या उभ्या असलेल्या मुलाचा शॉट पडतो का? समोरच्या गार्डला अडवणारा दुसरा कुणी आहे का? दोन्हीचं उत्तर नाही असेल तर हार्डनचा नमुना तुमच्या कामाचा नाही.

ॲलन आयव्हरसनचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं. १९९६ च्या ड्राफ्टमध्ये (एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) तो पॉइंट गार्ड म्हणून पहिला निवडला गेला. पुढे फिलाडेल्फियाचे कोच लॅरी ब्राउन यांनी त्याला शूटिंग गार्ड केलं, आणि बॉल आणायचं व समोरच्या मोठ्या गार्डला अडवायचं काम एरिक स्नोकडे दिलं. २०००-०१ मध्ये आयव्हरसननं सामन्यामागे ३१.१ गुण केले, मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू (एमव्हीपी) झाला आणि संघ फायनलला पोचला. याउलट १९७२-७३ मध्ये पॉइंट गार्ड टायनी आर्चिबाल्ड गुण (३४.०) आणि असिस्ट (११.४) दोन्हींत लीगमध्ये पहिला होता, पण त्याच्या संघानं ३६ जिंकले आणि ४६ गमावले.

चूक: गमावलेले बॉल न मोजणं

आपल्याकडे वहीत गुण आणि फाउल लिहिले जातात, बॉल कुणी आणि कुठं गमावला ते लिहिलं जात नाही. बाकावरच्या एका मुलाला हे काम द्या. कोर्टचा आयत काढायचा, मध्ये रेघ मारायची आणि बॉल गेला त्या जागी खेळाडूचा नंबर लिहायचा. समजा स्टारनं १८ गुण केले आणि मध्यरेषेच्या अलीकडे ६ वेळा बॉल घालवला. तिथं गेलेला बॉल म्हणजे समोरच्याला रिकामा लेअप (बास्केटजवळचा सोपा शॉट), म्हणजे १२ गुण दिल्यासारखेच. वहीत हे नंबर मध्यरेषेजवळच्या दोन कोपऱ्यांत दाटलेले दिसले तर समोरचा संघ तिथं सापळा लावतोय. साइडलाइन आणि मध्यरेषा त्याला आयते दोन बचावपटू मिळवून देतात.

आपल्या हवामानाचाही हिशोब करा. शाळांच्या स्पर्धा ऐन पावसाळ्याच्या दिवसांत येतात, आणि बेळगाव-खानापूरच्या पावसात उघड्या कोर्टाच्या कडेला शेवाळ धरतं, चेंडू लाल मातीनं चिकट होतो नाहीतर ओला होऊन निसटतो. अशा कोर्टवर लांब ड्रिबल करत एकट्यानं बॉल आणणं सगळ्यांत धोक्याचं. दोन-तीन छोटे पास करून पुढे या.

चूक: सगळ्यांत बुटका म्हणून पॉइंट गार्ड

ही उलट्या बाजूची चूक. स्टारला मोकळा करायचं ठरवलं, आणि मग उरलेल्यांतला जो कुठंच बसत नाही त्याला गार्ड केलं. तो बॉल घालवतो, प्रेक्षकांतून आरडाओरडा होतो आणि तिसऱ्या मिनिटाला स्टार मागे येऊन बॉल मागतो, "सर, मी आणतो की, ह्येला जमंना." मग कोचही मान डोलावतात. उंची बघू नका. वरची परीक्षा बघा. आणि निवडलेल्या मुलाला निदान चार-पाच सामने द्या.

चूक: बॉल नसताना स्टारला उभं ठेवणं

खरी गोम इथं आहे. स्टारकडून बॉल काढून घेतला पण त्याला बॉलशिवाय खेळायला शिकवलंच नाही, तर तो कोपऱ्यात उभा राहील आणि प्रयोग फसला असं सगळे म्हणतील. स्टीफन करी २०१५-१६ मध्ये सामन्यामागे ३०.१ गुण करून लीगमध्ये पहिला होता. त्याच मोसमात त्याच्या संघात सर्वांत जास्त असिस्ट मात्र ड्रेमंड ग्रीन या फॉरवर्डचे होते. करी पास देऊन थांबत नाही. तो स्क्रीनमागून (बचावपटूच्या वाटेत आडव्या उभ्या राहिलेल्या सहकाऱ्यामागून) फिरून पुन्हा मोकळ्या जागी येतो.

आपल्या मुलांना एवढंच शिकवा. गार्ड बॉल घेऊन मध्यरेषा ओलांडतो, तेव्हा स्टार बास्केटखाली असावा. सेंटर फ्री थ्रो रेषेच्या कडेला स्क्रीन लावून उभा. स्टार त्याच्या खांद्याला खांदा घासून बाहेर येतो. मध्ये हात जाईल एवढी फट राहिली तर बचावपटू सोबतच येतो, म्हणून खांदा घासलाच पाहिजे. बाहेर येतानाच हात छातीसमोर तयार ठेवायचे. बॉल हातात पडेपर्यंत त्याचा माणूस एक पाऊल मागे असतो, आणि चांगल्या स्कोअररला तेवढं एक पाऊल पुरतं. आता पास कर, शूट कर नाहीतर आत घुस, निर्णय त्याचाच. समोरच्यांनी बॉक्स अँड वन बचाव लावून, म्हणजे चौघे जागा राखत, एक माणूस त्याच्या अंगाला चिकटवला, तरी हाच उपाय चालतो, फक्त स्क्रीन एकाऐवजी दोन लावायचे. तो स्वतः पॉइंट गार्ड असता तर तोच माणूस त्याला पहिल्या सेकंदापासून २८ मीटर छळत आला असता.

एक छोटी पण कामाची गोष्ट. आपल्या संघांत घरी मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी मुलं एकत्र असतात. गोंगाटात लांबलचक सूचना कुणालाच कळत नाही. सेटला आकडे द्या आणि गार्डनं बोटं वर करून खूण करावी.

सामना चालू असताना काय बघायचं

स्टारचे शॉट आखूड पडायला लागले तर तो थकलाय. त्याला दोन मिनिटं बसवा किंवा निदान बॉल आणायच्या कामातून काढा. फुल कोर्ट प्रेस (कोर्टभर अंगावर येणारा बचाव) लागला आणि गार्ड कोंडला, तर बॉल आणणारा दुसरा तयार हवा. सरावात दोघांना तयार करा, एकावर संघ सोडू नका. कबड्डीत चांगला रेडर आहे म्हणून प्रत्येक रेड त्यालाच देत नाहीत, तसंच हे. स्टारला पहिल्या हाफमध्येच तीन फाउल झाले, तर तो समोरच्या गार्डला अडवतोय का ते तपासा. ते काम दुसऱ्याला द्या, कारण पाचव्या फाउलला तो बाहेर.

मुलाशी आणि त्याच्या घरच्यांशी आधी बोला. "बॉल काढून घेतला" असा निरोप गावभर गेला की मुलगा मनातून खचतो. त्याला सांगा की मायकेल जॉर्डनला १९८९ च्या मार्चमध्ये कोच डग कॉलिन्स यांनी पॉइंट गार्ड केलं, तेव्हा त्यानं ११ सामन्यांत १० ट्रिपल डबल (गुण, रिबाउंड, असिस्ट अशा तीन बाबींत दोन आकडी संख्या) केले, पण शिकागोच्या सहा विजेतेपदांत तो शूटिंग गार्डच होता. वडील विचारायला आले तर त्यांना ती टर्नओव्हरची वही दाखवा.

मग बॉल त्याच्याकडे द्यायचा कधी?

दोन प्रसंग मी नक्की सांगेन. एक, समोरचा संघ झोन (माणूस नाही, जागा वाटून बचाव) लावून मागे बसलाय, प्रेस नाही आणि तुमचे निदान दोन शूटर त्या दिवशी मारतायत. तेव्हा स्टारनं वरून घुसून पास वाटणं फायद्याचं. दुसरा प्रसंग शेवटच्या दोन मिनिटांचा, तुम्ही तीन-चार गुणांनी पुढे असताना. समोरचा संघ घड्याळ थांबवायला मुद्दाम फाउल करणार, आणि क्वार्टरमधल्या पाचव्या सांघिक फाउलपासून तुम्हाला दोन फ्री थ्रो मिळणार. तेव्हा बॉल सर्वांत भरवशाच्या फ्री थ्रोवाल्याकडे हवा. तो स्टारच असेल असं गृहीत धरू नका. सरावाच्या अगदी शेवटी, सगळे धापा टाकत असताना, प्रत्येकाला दहा फ्री थ्रो मारायला लावा आणि तो आकडा त्याच वहीत लिहून ठेवा.