फोमचा भाला: 'बुसो रेन्किन'च्या काझुकीसाठी

'बुसो रेन्किन' या जपानी कॉमिकमध्ये काकुगाने या षटकोनी धातूतून नायक काझुकीला भाला मिळतो, त्याच्या साथीदार तोकिकोला मांड्यांवरची चार पाती. पहिलाच कॉस्प्ले (पात्राचा वेश करणं) असेल तर भालाच करा. ती चार पाती गर्दीत कुणाच्या ना कुणाच्या ओढणीत अडकतातच.

दांड्याला वायरिंगचा २० मिमी पीव्हीसी पाइप, लांबी १५० सेंमी. आत बांबूची काठी घाला, नाहीतर उभा धरला की तो डुलतो. पात्यात १० मिमी ईव्हीए फोमचे (चपलांच्या तळव्यासारखा हलका फोम) दोन थर, दोन्हींत २० मिमी रुंद खाच, वरून दोन्हीकडे ५ मिमी फोम. पाइप किमान ३० सेंमी आत जाऊ द्या.

कटरचं पातं दर चार-पाच कापांनंतर मोडून नवं काढा. बोथट पात्यानं फोम कापला जात नाही, कुरतडला जातो.

खरी गडबड चिकटवताना होते. चपलेला लावतात ते सोल्यूशन दोन्ही बाजूंना पातळ लावा, बोटाला लागेनासं झालं की दाबा. नागपूरच्या मे महिन्यात, त्यातून कूलरच्या झोतासमोर, वर साय धरते आणि खाली ओलंच राहतं. मग आठवड्यानं फुगे. सकाळी आठच्या आत उरका, खिडकी उघडी ठेवून.

रंगाआधी हीट गनने फोमला हलकी चमक येऊ द्या, मग फेविकॉल-पाणी समप्रमाणात, तीन हात. हे टाळलं तर फोम रंग पिऊन टाकतो.

काकुगाने सोपं: कंपासनं ५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ, तेच अंतर परिघावर सहा वेळा, मग खुणा सरळ रेषांनी जोडा.

तयार भाला उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, सांधे उकलतात.