बांधावरून भांडण्याआधी मोजणी करून घ्या

शेजाऱ्याने बांध कोरला असं वाटलं, तरी सातबारा घेऊन भांडायला जाऊ नका. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं. हद्द नेमकी कुठून जाते ते त्यावरून कळत नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, ऑनलाइनही करता येतो. लगतच्या खातेदारांना मोजणीची नोटीस जाते. पण ती पोचण्याआधी तुम्ही स्वतः शेजाऱ्याच्या घरी जाऊन सांगा. अचानक नोटीस हातात पडली की माणूस बिथरतो. ओसरीवर बसून सांगितलं तर बहुधा मोजणीला येऊन उभा राहतो. भूकरमापकाने, म्हणजे मोजणीला आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याने, दाखवलेल्या खुणांवर दोघांच्या देखत दगड रोवा, फोटो काढा, मोजणीनंतर मिळणारी नकाशाची ‘क’ प्रत घ्या. शेळ्या-गुरं शिरतात म्हणून कुंपण घालायचं असेल, तर तेही यानंतरच.