जिओकॅशची डबी लपवताना परदेशी खेळाडूंचा विचार

जिओकॅशिंग म्हणजे जगभर चालणारा डबी शोधण्याचा खेळ: एकजण डबी (जिओकॅश) लपवून तिचे अक्षांश-रेखांश आणि वर्णन इंटरनेटवर टाकतो, बाकीचे जीपीएसच्या मदतीनं, कधी कोडी सोडवत टप्प्याटप्प्यानं, ती शोधतात. म्हणून पुण्यात डबी लपवली तरी शोधायला जर्मनीचा किंवा जपानचा पाहुणाही येऊ शकतो. त्याला अडवायचं ते कोड्यानं, आपल्या लिपीनं नाही.

सगळ्यात जास्त घोळ आकड्यांचा होतो. पाटीवरचे अंक वाचून अक्षांश काढायचे असतील, तर देवनागरी अंक जपून वापरा. नवख्याला आपला १ इंग्रजी नऊसारखा आणि ७ सहासारखा दिसतो. एक आकडा चुकला की माणूस भलत्याच गल्लीत. म्हणून वर्णनात शून्य ते नऊचा तक्ता द्याच.

अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटांत लिहा, आणि तसं स्पष्ट सांगा. १८° ३१.५००′ म्हणजे १८.५२५ अंश, कुणी ते १८.३१५ असं भरलं तर तो तब्बल २३ किलोमीटर दक्षिणेला पोचतो! अंतर मीटरमध्ये द्या, हवं तर कंसात फूट. तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा, कारण ०५/०६ अमेरिकेत ६ मे होतो.

कोड्याचं उत्तर म्हणींवर किंवा मराठी शाळेतल्या कवितांवर अवलंबून ठेवू नका. निदान एक सूचना इंग्रजीत द्या.

भारतीय मोबाईल नंबरवर ओटीपी येणारा कुठलाही टप्पा टाळा; पाहुण्याकडे तो नंबरच नसतो. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या तिकीट असलेल्या स्मारकांत बहुतेक परदेशी नागरिकांना जास्त पैसे पडतात, म्हणून शेवटचा टप्पा फाटकाबाहेर ठेवा.

शेवटी, मराठी न वाचणाऱ्या मित्राला एकट्यानं शोधायला पाठवा. तो जिथे अडेल, तिथेच दुरुस्ती करा.