व्हॅक्यूमचा ब्रश फिरत नाही? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या व्हॅक्यूम क्लीनरचा ब्रश रोलर अडला. हवा ओढल्याचा आवाज नेहमीसारखा, पण सतरंजीवरचा केस काही उचलला जाईना. दुरुस्तीवाल्याने मशीन न उघडताच 'मोटर गेली' म्हणून सांगितलं. मन मानेना, म्हणून घरी आणून रोलर काढला आणि दोन्ही टोकांची टोपणं ओढून बघितली. आत लेकीचे केस आणि सासूबाईंच्या गजऱ्याचा दोरा यांचा दगडासारखा पीळ बसला होता. तो निघाला आणि ब्रश पूर्वीसारखा फिरू लागला.

बहुतेक घरांत हीच चूक होते. मधला गुंतवळ कात्रीने कापला की रोलर साफ झाला, असं आपण धरून चालतो. पण रोलर फिरतो तो टोकांच्या बेअरिंगवर, म्हणजे त्याला अलगद फिरू देणाऱ्या छोट्या कड्यांवर. गुंडाळलेले केस फिरता फिरता टोकांकडे सरकतात आणि टोपणाच्या फटीतून आत शिरतात. माणसाचे रोज 50 ते 100 केस गळतात, म्हणजे चौघांच्या घरात आठवड्याला किमान चौदाशे. पीळ घट्ट झाला की घर्षणाने तिथलं प्लास्टिक तापतं, कधी वितळतंही. मग रोलर बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

साफ करताना आधी भिंतीतल्या सॉकेटमधून पिन काढा, बॅटरीवरचं मशीन असेल तर बॅटरी वेगळी करा. नुसतं बटण बंद करून ब्रशजवळ बोटं नेऊ नका. रोलर काढण्यापूर्वी मोबाइलवर एक फोटो घ्या, बसवताना फार उपयोगी पडतो. ब्रिसलच्या, म्हणजे ब्रशच्या ताठ केसांच्या, दोन ओळींमधल्या खाचेतून कात्रीचं टोक लांबीच्या दिशेने न्या. शिवण उसवायचं छोटं हत्यार असेल तर त्याहून उत्तम. मग टोपणं काढा. ती निघत नसतील तर चिमट्याने फटीतले केस ओढा. शेवटी बेअरिंग बोटाने फिरवून बघा. ते अलगद, बिनआवाज फिरलं पाहिजे. खरखर लागत असेल तर तेल सोडण्याचा मोह टाळा: तेलावर धूळ बसते आणि आठ दिवसांत आत चिखल होतो.

जळक्या रबराचा वास

हा वास आला की मशीन ताबडतोब बंद करा. रोलर अडलेला आणि मोटर ओढतेय, अशा वेळी बेल्ट, म्हणजे मोटरच्या जोरावर रोलर फिरवणारा रबरी पट्टा, एकाच जागी घासून जळतो. बेल्टवर ब्रश फिरवायची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. ओहायोतल्या कँटनमध्ये झाडलोटीचं काम करणाऱ्या जेम्स मरे स्पँगलर यांनी पंख्याची मोटर, उशीचा अभ्रा आणि फिरता ब्रश जोडून यंत्र केलं आणि 1908 मध्ये पेटंट मिळवलं. आजही सपाट रबरी बेल्ट न तुटता नुसता सैल पडतो, ब्रश हळू फिरतो आणि आपण दोष मोटरला देतो. सैल बेल्ट बदला. मात्र आधी टोकं साफ करा, नाहीतर नवाही जळेल.

फिरतो, पण लगेच थांबतो

सॉकेटमधली पिन काढून रोलर हाताने फिरवा. जड लागला तर अडचण टोकांना आहे. सहज फिरत असेल तर बेल्ट बघा आणि वेगळ्या मोटरचा ब्रश असेल तर नळीच्या जोडावरच्या धातूच्या पिना कोरड्या फडक्याने पुसा. पुष्कळ मशीन भार वाढला की स्वतःहून ब्रश थांबवतात. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, मशीन गार होऊ द्या. जाड लोकरी गालिच्यावरही असं होतं; तिथे ब्रशची उंची वाढवायची सोय असेल तर ती वापरा.

धुण्याबाबत एकच सांगते: माहितीपत्रकात लिहिलं असेल तरच रोलर धुवा, आणि ज्या भागात मोटर आहे तो कधीही पाण्याखाली धरू नका. धुतलेला मऊ रोलर उभा ठेवून किमान 24 तास वाळवा, पावसाळ्यात दोन दिवस.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी लादीच असते. लादीवर ब्रश बंद करता येत असेल तर जरूर करा, नाहीतर सांडलेले तांदूळ भिंतीपर्यंत उडतात. रांगोळी तर आधी केरसुणीने भरून घ्या. ती बारीक पूड फिल्टर बुजवते आणि बेअरिंगमध्येही जाते. राखीचे दोरे, तोरणाची सुतळी, सतरंजीचे सुटलेले गोंडे हातानेच उचला.

रोबोट व्हॅक्यूमच्या रोलरची दोन टोकं अनेकदा वेगळी असतात, एक चौकोनी, एक गोल. बसत नसेल तर जोर न लावता उलटा करून बघा.

ब्रिसल झिजून खालच्या कडेच्या बाहेर येत नसतील तर कितीही साफ केलं तरी केस उचलले जाणार नाहीत, नवा रोलर घ्या. मागवताना मशीनच्या तळाच्या चिठ्ठीवरचा मॉडेल नंबर द्या आणि टोपणं, बेअरिंग सोबत येतात का ते विचारून घ्या.