मान घासून काळेपणा जात नाही: त्वचेच्या आजारांत या चुका टाळा

माझी भाची नववीत होती तेव्हा तिच्या मानेवरून घरात रोज कुरबुर व्हायची. "आंघोळ करतेस की नुसतं पाणी ओततेस?" म्हणत ताई तिला मोरीत धरायची आणि बेसन-लिंबू लावून, पुढेपुढे तर पायाच्या वजरीने मान घासायची. मान लाल व्हायची, चुरचुरायची आणि दोन दिवसांत पुन्हा होती तशी. मी एकदा बोट फिरवून पाहिलं. कातडी मखमलीसारखी जाडसर लागत होती, बारीक चुण्या पडलेली. काखेतही तसंच. तो मळ नव्हताच.

याला डॉक्टर ॲकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. रक्तातल्या त्या जादा इन्सुलिनमुळे त्वचेच्या पेशी भराभर वाढतात, कातडी जाड आणि काळपट होते. घासल्याने ती चिडते आणि आणखी काळवंडते. अशा वेळी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) तपासा. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. १२६ किंवा त्याहून जास्त आली तर पुन्हा तपासून खात्री करावी लागते. मुलीची पाळी अनियमित असेल तर पीसीओडीचाही (अंडाशय आणि संप्रेरकांच्या बिघाडाचा) विचार व्हायला हवा. वजन उतरलं की मान हळूहळू उजळते, पण त्याला कित्येक महिने लागतात. भाचीला सगळ्यात जास्त लागलं होतं ते "अस्वच्छ" हे विशेषण. कृपा करून मुलांना तसं म्हणू नका. उतारवयात मात्र वजन घटत असताना असा काळेपणा अचानक आणि झपाट्याने पसरला, तर थांबू नका. क्वचित तो पोटातल्या कर्करोगाचा इशारा असतो.

दुसरी चूक खाजेची. पुरळ नाही, चट्टा नाही, फक्त नखांचे ओरखडे, आणि माणूस महिनोन्‌महिने पावडर लावत बसतो. म्हाताऱ्या माणसांत बहुतेकदा कोरडी त्वचाच कारण असते. कोमट पाणी आणि खोबरेल तेलाने फरक पडतो. घरातल्या सगळ्यांनाच रात्री खाज सुटत असेल तर खरजेचा संशय घ्या. पण हे दोन्ही नसेल तर यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड आणि शरीरातलं लोह तपासून घ्या. यकृताच्या काही आजारांत डोळे पिवळे व्हायच्या आधी खाज येते. गरोदरपणात शेवटच्या तीन महिन्यांत तळहात-तळपाय पुरळाशिवाय खाजू लागले तर "पोट ताणतंय म्हणून" असं समजून गप्प बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. रक्तात पित्ताम्लं वाढली असतील तर बाळाला धोका असतो.

मेडिकलमधून आणलेली ट्यूब ही तिसरी चूक, आणि मला सगळ्यात जास्त चीड येते ती हिचीच. गजकर्णावर स्टेरॉइडचं मलम लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून सगळ्यांना ते गुणकारी वाटतं. आत बुरशी वाढतच असते. चट्ट्याची गोल कड पुसट होते, मग डॉक्टरांनाही तो ओळखणं अवघड जातं. जांघेत कायमचे ताणाचे वळ पडतात. कडक स्टेरॉइड मोठ्या भागावर बरेच दिवस लावलं तर ते रक्तात उतरून शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणंही मंदावतं. आणि गजकर्ण बरं होऊन पुन्हापुन्हा उलटत असेल तर साखर तपासा.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे प्रत्येक चट्ट्याला "अंगातली उष्णता" ठरवून रक्तशुद्धीच्या पुड्या खाणं. नाव-गाव नसलेल्या पुड्यांत कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. सोरायसिसवाल्याला (म्हणजे अंगावर खवल्यांचे लालसर चट्टे येणाऱ्याला) आधी जादू झाल्यासारखं वाटतं आणि पुडी बंद केली की आजार दुप्पट जोराने उसळतो. सोरायसिस सांध्यांतही उतरू शकतो, म्हणून तो असेल आणि सकाळी बोटं किंवा कंबर अर्धा तास आखडलेली राहत असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. सांधे कायमचे वाकडे होण्याआधी उपचार मिळायला हवेत.

पित्त उठल्यावर आमसुलाचं पाणी खुशाल लावा. पण त्या गांधींचा जेवणाच्या पित्ताशी संबंध असेलच असं नाही. ६ आठवड्यांहून जास्त दिवस उठत राहिल्या तर थायरॉइड बघा. ओठ सुजले किंवा श्वास अडकला तर थेट दवाखाना गाठा. कोड दूध-मासे एकत्र खाल्ल्याने होत नाही, तिथेही थायरॉइड तपासावं. फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर तो कोड नव्हे, कुष्ठरोग असू शकतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि वेळेवर घेतलं तर हातापायांच्या नसा वाचतात.

डॉक्टरांकडे जाताना चट्ट्यावर मलम-पावडर थापू नका, नेलपॉलिश काढून जा, कारण नखांवरचे खड्डेही बोलतात. गांधी दवाखान्यात पोचेपर्यंत मावळतात, म्हणून उठल्या उठल्या मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, पुड्या, अगदी रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या.