घरदुरुस्तीचा कंत्राटदार आणि ग्राहक कायदा

मोबदला घेऊन घराची दुरुस्ती करून देणारा कंत्राटदार हा भारतातील ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या दृष्टीने सेवा पुरवत असतो; त्यामुळे गच्चीचे वॉटरप्रूफिंग पहिल्याच पावसात गळू लागले किंवा काम अर्धवट टाकून माणसे निघून गेली, तर ती सेवेतील त्रुटी म्हणून मांडता येते. मात्र तक्रार उभी राहते ती कागदांवर. अंदाजपत्रकात 'चांगल्या प्रतीचे प्लायवूड' एवढेच लिहून घेणे म्हणजे काहीच न लिहून घेण्यासारखे आहे. प्लायवूडचा ब्रँड, ग्रेड आणि जाडी, रंगाचे किती हात, राडारोडा कोण उचलणार आणि काम पूर्ण करण्याची तारीख, हे सारे सहीनिशी नोंदवलेले असावे. पैसे टप्प्याटप्प्याने, बँकेमार्फतच द्यावेत आणि शेवटचा हप्ता पाहणीनंतरच द्यायचा, असे करारातच ठरवावे. बिलाशिवाय स्वस्तात करून देण्याची तयारी दाखवली जाते, ती नाकारलेलीच बरी. पाइप आणि वायरिंग प्लास्टरखाली झाकले जाण्याआधी त्यांचे फोटोही काढून ठेवावेत.

काम बिघडल्यास आधी मुदत देऊन लेखी नोटीस पाठवावी. दाद न मिळाल्यास, तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, तेही स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. वकील नेमण्याची सक्ती तर रक्कम कितीही असली तरी नसते. प्राथमिक मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.